शुक्रवार आमदारांच्या विधेयकांना मिळू द्या

प्रति,
मा. संसदीय कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

अधिवेशन संपलं की आमचे आमदार कोल्हापुरात परततात आणि किती कोटींचा निधी आणला याचे फलक चौकाचौकांत लागतात. स्वतःच्या नावावर सभागृहात कोणतं विधेयक मांडलं, हे त्या फलकांवर कधी नसतं. त्याचा सगळा दोष आमदारांना देणं मला पटत नाही. मांडून पुढं काही होत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं.

मंत्री नसलेला कोणताही आमदार, मग तो सत्तेतला असो की विरोधातला, अशासकीय विधेयक आणू शकतो. त्याच्या चर्चेचा दिवस शुक्रवार. आता नागपूरचं अधिवेशन आठवड्या-दीड आठवड्यात आटोपतं, त्यात शुक्रवार किती येणार? त्यातूनही नंबर लागलाच, तर मंत्री उठून 'शासन सकारात्मक आहे' म्हणतात आणि विधेयक मागे घ्यायची विनंती करतात. अधिवेशन संपलं म्हणून प्रलंबित विधेयक मरत नाही, राज्यघटनेच्या अनुच्छेद 196 नं तेवढं संरक्षण दिलंय. पण विधानसभा विसर्जित झाली की तिच्यापुढं पडून राहिलेलं सगळं गेलं.

हे मला का टोचतं, ते सांगते. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं, असं परिपत्रक त्याच महिन्यात शासनानं काढलं. छान झालं. पण परिपत्रक म्हणजे आवाहन. माझ्या मावशीच्या बांगड्या दगडावर फोडल्या तेव्हा काच मनगटात घुसली होती. भोवती घरचीच माणसं होती, 'रीत आहे' म्हणत. त्या क्षणी एखादी सून 'थांबा' म्हणाली, तर तिच्या पाठीशी आज कोणता कायदा आहे? याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला होता.

आमच्या जिल्ह्यातून दहा आमदार विधानसभेत जातात. यातल्या कुणीही, पक्ष कोणताही असो, विधवा प्रथेविरुद्ध अशासकीय विधेयक आणावं, अशी मागणी आम्ही त्यांच्याकडे करू. आपल्याकडे मागणं वेगळं आहे. शुक्रवारची वेळ शासकीय कामकाजासाठी वळवू नका. एखादं विधेयक मागे घ्यायला सांगत असाल, तर त्या विषयावर शासनाचं विधेयक कधी येणार ते तारखेनिशी सभागृहात सांगा. आणि प्रत्येक अधिवेशनानंतर कोणत्या आमदारानं काय मांडलं, कशावर चर्चा झाली, काय मागे घेतलं, ही माहिती आमदारवार, मराठीत, एका जागी द्या. विधेयकासोबत उद्देश व कारणांचं निवेदन असतंच, तेही जोडा. खेड्यातल्या बाईलाही ते वाचून कळतं.

याला नवा निधी लागत नाही. पुढच्या अधिवेशनाचं कामकाज ठरवायला बसाल, तेव्हा पहिल्या शुक्रवारपासूनच हे करता येईल. आपल्या लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली,
करवीरची एक मतदार