फारकतीच्या कागदाआधी खावटीचा अर्ज

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली लेक आषाढ लागला तरी माहेरीच असते. सासरहून कोणी न्यायला येत नाही, जावई फोन उचलत नाही, शेजारीपाजारी विचारू लागतात. मग बैठक बसते. दोन्हीकडची चार-चार माणसं, चहा, लग्नातल्या मानपानापासूनचे उणेदुणे, आणि शेवटी कोणीतरी म्हणतं, "पोराचं मनच नाही, तर कागद करून मोकळे व्हा." जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत टाकलेल्या बाईचं प्रकरण कोर्टात येतं तेव्हा असा कागद अनेकदा आधीच झालेला असतो, आणि प्रकरण तिथेच निम्मं बिघडलेलं असतं.

फारकत, सोडचिठ्ठी, काडीमोड, नाव कोणतंही द्या. पूर्वी शंभराच्या आणि आता पाचशेच्या मुद्रांकावर टाइप केलेला मजकूर, खाली दोघांच्या सह्या किंवा अंगठे, साक्षीदार आणि नोटरीचा गोल शिक्का. नोटरी सही कोणी केली एवढंच सांगतो, लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायद्याखालचा घटस्फोट न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच होतो. जातीत रूढीने काडीमोड चालत असेल तर कलम २९(२) ती रूढी मानतं. पण ती जुनी आणि अखंड चालत आलेली आहे हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं, 'आमच्यात चालतं' म्हणून भागत नाही. अशा कागदाच्या भरवशावर बाईचं दुसरं लग्न लावून दिलं तर ते लग्नच बेकायदा ठरतं आणि द्विभार्या-द्विपतीचा गुन्हा तिच्यावर येऊ शकतो. हे बैठकीत कोणी बोलत नाही.

त्या कागदातलं सर्वांत महागात पडणारं वाक्य मात्र वेगळंच आहे. "मी सर्व हक्क सोडले" हे वाचून बाया घाबरतात, पण पोटगीचा हक्क असा लिहून सोडता येत नाही. खरा घात करतं ते "आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त राहत आहोत" हे वाक्य. पोटगीच्या कलमातच लिहिलं आहे की नवरा-बायको परस्परसंमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी मिळत नाही. पहिल्याच तारखेला नवऱ्याचा वकील तोच कागद दाखल करतो. सही आधीच झाली असेल तर ती कोणत्या परिस्थितीत घेतली, बैठकीला कोण होतं, पैसे खरोखर हाती आले का, हे अर्जात पहिल्यांदाच लिहावं. उलटतपासात विचारल्यावर सांगितलेलं बनाव वाटतं.

म्हणून आधी खावटी, म्हणजे पोटगी. (आदिवासी विकास विभागाची खावटी योजना वेगळी, नंदुरबारकडे हा घोळ नेहमी होतो.) पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे, तरी कोर्टाच्या आवारात अजून "एकशेपंचवीसची केस" असंच म्हणतात. नवरा सुरतेला उधन्यात लूमवर असो की चाकणला कंपनीत, बाई जिथे राहते तिथल्याच कोर्टात अर्ज करता येतो. कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीत राहत असेल तर तिथे, नाहीतर तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. "नवऱ्याच्या गावालाच जावं लागेल" हा समज फार पसरलेला आहे आणि साफ चुकीचा आहे. फक्त माहेरी राहत असल्याचा पुरावा हवा. आधारवर सासरचा पत्ता आणि रेशनकार्डात नाव सासरी असेल तर मुलाचं लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीतली नोंद, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला असे कागद उपयोगी पडतात. विवाहनोंदणी नसली तरी अर्ज अडत नाही. पत्रिका, फोटो, मुलांचे जन्मदाखले, भटजींची आणि मध्यस्थाची साक्ष चालते, कारण या प्रकरणात लग्नाचा पुरावा काटेकोर मागत नाहीत. पहिली बायको आहे हे लपवून ज्या बाईशी लग्न केलं, तिलाही पोटगी द्यावी लागते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे.

रक्कम ठरते ती कागदांवर. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र सक्तीचं केलं. शेतकऱ्यांसाठी त्याचा नमुना वेगळा आहे: जमीन किती, कोरडवाहू की बागायती, पिकं कोणती, गुरं-शेळ्या किती, कर्ज किती. आपल्याकडे हाच नमुना लागतो आणि इथेच चुका होतात. नवरा लिहितो, "मजुरी करतो, शेत वडिलांचं." तेव्हा अर्जासोबत सासऱ्याच्या नावाचा सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि गेल्या दोन-तीन वर्षांचे फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) जोडावेत. सातबारा ऑनलाइन कोणालाही काढता येतो. फेरफारात कधी दिसतं की नोटीस निघायच्या तोंडावर नवऱ्याने हक्कसोड करून आपला हिस्सा भावाच्या नावे केला. ती तारीख कोर्टाच्या नजरेस आणून दिली की 'जमीन नाही' या बचावात दम राहत नाही. रावेर-यावलकडे केळी विकल्याची पट्टी, इतरत्र कापूस विकल्याची पावती, ट्रॅक्टरच्या नोंदणीची माहिती, जे मिळेल ते लावावं. आणि स्वतःच्या शपथपत्रात शिलाईचे किंवा मजुरीचे मिळतात ते पैसे लपवू नयेत. थोडं कमावणाऱ्या बाईलाही पोटगी मिळते, पण खोटं शपथपत्र उघडं पडलं की तिच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास जातो.

अर्जासोबतच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा वेगळा अर्ज द्यावा. नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. होत नाही, ते खरं, पण मुदत दाखवून तारीख मागता येते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची हेही २०२० च्याच निकालात आहे. बायकोला ४,००० आणि मुलाला २,००० असा हुकूम दोन वर्षांनी झाला, तर २४ महिन्यांचे १,४४,००० रुपये आधीच थकलेले असतात; मधे अंतरिम काही मिळालं असेल ते त्यातून वजा.

गाडी अडते ती समन्सवर. सुरतेहून अहवाल येतो, "सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही," आणि चार तारखा वाया जातात. पत्ता "उधना, सुरत" एवढाच दिलेला असतो, मिळणार कसा? सोसायटीचं नाव, गाळा किंवा खोली नंबर, ठेकेदार, पाळीची वेळ, मोबाइल नंबर, सासरचा पत्ता, सगळं लिहून द्यावं. नवीन संहितेत समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येतं. नवरा मुद्दाम टाळतो हे दिसलं तर एकतर्फी सुनावणी होऊ शकते. तो हुकूम रद्द करून घ्यायला त्याला तीन महिने असतात, म्हणून एकतर्फी निकाल लागला की त्याची प्रत त्याला लवकर पोहोचेल असं पाहावं.

हुकूम झाला म्हणजे पैसे आले असं नाही. वसुलीचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत. या एका वर्षावर किती जणींचे पैसे बुडतात! 'देईल, देईल' म्हणत तीन वर्षं थांबलेल्या बाईला या मार्गाने मागच्या बारा महिन्यांचेच मागता येतात. दर चार-सहा महिन्यांनी अर्ज टाकत राहावं. न दिल्यास जप्ती वॉरंट निघतं आणि त्यानंतरही बाकी राहिली तर तुरुंगवास होऊ शकतो. तुरुंगात जाऊन आला म्हणून देणं फिटत नाही, हे त्याला आणि त्याच्या गावालाही ठणकावून सांगावं. जमीन असेल तर हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १८ खाली दिवाणी दावा लावून पोटगीचा बोजा जमिनीवर चढवून मागता येतो. हुकूमनाम्यात स्पष्ट लिहिल्याशिवाय बोजा चढत नाही, तेव्हा ती मागणी दाव्यात पहिल्या दिवसापासून असावी.

दुसरा रस्ता २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा. मारहाण नसली तरी खर्चाला पैसे न देणं आणि घराबाहेर ठेवणं ही हिंसाच धरली आहे. यात राहण्याचा हक्क मिळतो आणि घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. नवरा नोकरीत असेल तर कलम २०(६) खाली मालकालाच पगारातून थेट रक्कम देण्याचा आदेश मागता येतो. कंपनीत असलेल्या नवऱ्याच्या बाबतीत आम्हाला हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल असला तर चांगलं, पण त्यावाचून अर्ज अडत नाही. दोन्ही अर्ज करता येतात. मात्र एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणी सांगावी लागते.

सोनं, भांडी, कपाट हे स्त्रीधन तिचंच. यादी बैठकीतच करून घ्यावी आणि दोन्हीकडच्या सह्या घ्याव्यात. सह्याच करायच्या तर त्या कागदावर. पोलिसांत गेल्यावर हाती पडलेली एन.सी.ची (अदखलपात्र नोंदीची) पावती म्हणजे केस नव्हे, हेही लक्षात असू द्या.

पोटगीचा अर्ज लागला की महिनाभरात नवऱ्याची "नांदायला ये" अशी वकिली नोटीस येते, मागोमाग हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ चा, म्हणजे बायकोने परत नांदायला यावं यासाठीचा, दावा. नोटीस परत पाठवू नये, पाकीट टाळलं तरी ती बजावली गेली असंच धरतात. उत्तरात कधीपासून, कोणत्या कारणाने बाहेर राहावं लागलं, न्यायला कोण कधी आलं किंवा आलं नाही, हे तारखांसह द्यावं. जानेवारी २०२५ च्या निकालानुसार नवऱ्याने कलम ९ चा हुकूमनामा मिळवला तरी केवळ तेवढ्याने पोटगी बंद होत नाही. घटस्फोट हवाच असेल तर सोडून गेल्याला सलग दोन वर्षं पूर्ण झाल्यावर, आणि बाईला ती राहते तिथल्या कोर्टात दाखल करता येतो. घाई नसेल तर करू नये. पोटगीचा हक्क घटस्फोटानंतरही पुनर्विवाह होईपर्यंत राहतो.

नवऱ्याने दुसरी आणली असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा. बायकोच्या वतीने तिचे वडील किंवा भाऊही कोर्टात फिर्याद देऊ शकतात. पण सोबत राहतात एवढं पुरत नाही. दुसरं लग्न विधिपूर्वक लागलं हे सिद्ध करावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात १९६५ सालीच सांगून ठेवलं आहे. भटजी, सप्तपदीचे फोटो, मांडवातले साक्षीदार मिळत नसतील तर या केसमागे वर्षं घालवू नयेत. दुसरी बाई ठेवली हे वेगळं राहायला पुरेसं कारण आहे, आणि त्या कारणाने पोटगी मिळते.

सातपुड्यात गोष्ट थोडी निराळी. भिल्ल, पावरा, मावची या अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा लागू नाही, तेव्हा त्यातल्या कलमांवर काढलेली याचिका टिकत नाही. तिथे रूढीचा काडीमोड खरा असू शकतो. पोटगीचं कलम १४४ आणि २००५ चा कायदा मात्र त्यांनाही लागू आहेत. मुस्लिम बाईला नवऱ्याने दोन वर्षं पोसलं नाही तर १९३९ च्या कायद्याखाली विवाहविच्छेद मागता येतो. एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ पासून गुन्हा आहे, आणि घटस्फोटित मुस्लिम बाईलाही पोटगीचं सर्वसाधारण कलम खुलं आहे असं १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. जातपंचायतीने 'केस मागे घे, नाहीतर वाळीत टाकू' म्हटलं तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

वकिलाच्या फीची चिंता हेच बैठकीकडे वळण्याचं एक मोठं कारण. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. पोटगीच्या अर्जाला बायकांना कोर्ट फी माफ आहे. जाताना आधार, मुलांचे दाखले, लग्नाचा एखादा फोटो, नवऱ्याचा पूर्ण पत्ता आणि एका कोऱ्या कागदावर तारखांची ओळीने टिपणी न्यावी: लग्न कधी, शेवटचं सासरी कधी, फोन कधी, बैठक कधी. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवावं. वकील बदलून मिळतो.

आपले,
कौटुंबिक प्रकरणांत वकिली व समुपदेशन करणारे काही जण,
खान्देश