तीन डॉलरचा कोट

एडिसन, न्यू जर्सी
३ मे २०२६

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आपल्या यार्ड सेलचं, म्हणजे घरापुढे जुन्या वस्तू मांडून विकायचं, निघालं तेव्हा तू म्हणालास, "आई, दोनशे-तीनशे डॉलरसाठी दिवसभर उन्हात कशाला बसायचं? एक फोन करा, ट्रक येईल, सगळं घेऊन जाईल." मला लगेच काही बोलायला सुचलं नाही, आणि तुलाही मीटिंग होती. आता बाबा झोपलेत. मी बेसमेंटमध्ये खोक्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले आहे. तेव्हा सांगायचं राहिलं ते आता लिहिते.

सप्टेंबरात आपण चार बेडरूमच्या घरातून दोन बेडरूमच्या घरात जाणार. म्हणजे निम्म्याहून जास्त सामान जायलाच हवं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते कुठे जातं आणि कसं जातं, याबद्दल मात्र आहे.

आम्ही १९८६ च्या जानेवारीत आलो. माझ्याजवळ लोकरीचा एक स्वेटर आणि एक शाल, एवढीच थंडीची तयारी होती. फेब्रुवारीत बाबांच्या विद्यापीठातल्या कुणीतरी सांगितलं, की चर्चच्या हॉलमध्ये नव्या आलेल्या कुटुंबांना कोट फुकट देतात. गेले. मोठं टेबल, त्यावर कोटांचा ढीग, आणि पलीकडे हसतमुख बायका. फार प्रेमाने म्हणाल्या, घे, हवा तो घे. मी दोन-तीन कोट हातात घेतले, परत ठेवले आणि रिकाम्या हातांनी घरी आले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, माझाच हात पुढे होईना. तो सगळा हिवाळा बाबांचं जाकीट आम्ही दोघांनी आलटून पालटून घातलं. ते क्लासला गेले की मी घरात.

एप्रिलमध्ये शेजारीण मला गाडीतून एका यार्ड सेलला घेऊन गेली. हिरवळीवर टेबलं मांडलेली, दोरीवर कपडे टांगलेले आणि खुर्चीत एक सत्तरीच्या बाई. त्यांचे यजमान त्या हिवाळ्यात गेले होते, त्या बहिणीकडे राहायला निघाल्या होत्या. दोरीवर एक काळा लांब कोट होता. कॉलरला चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर पेनाने लिहिलेलं ३. मी तो तीनदा काढला, तीनदा अडकवला. बाई 'असाच घेऊन जा' म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "खिसे खोल आहेत आणि वाऱ्याला हार जात नाही." मी तीन नोटा मोजून दिल्या. त्यांनी त्या मोजून घेतल्या. घरी येऊन खिशात हात घातला, तर आत लोकरीचे हातमोजे, नीट घडी करून ठेवलेले.

तो कोट मी अकरा वर्षं वापरला. तुझ्या पहिल्या बर्फातल्या फोटोत मी तोच घातला आहे.

फुकटचा कोट मला घेता आला नाही आणि तीन डॉलरचा आला, हे मी इतकी वर्षं मनात घोळवते आहे. फुकटच्या टेबलापाशी मी गरजू होते. दोरीपाशी मी गिऱ्हाईक होते. आवडलं नाही तर परत अडकवायची मोकळीक होती, घासाघीस करायची मोकळीक होती. त्या तीन डॉलरनी त्या बाईंना काय मिळालं असेल? पण मला मान वर करून घरी येता आलं.

माझ्या आजोळी साताऱ्याला बोहारीण यायची. डोक्यावरच्या पाटीत चकचकीत पातेली, डबे, तांबे. आजी जुनी लुगडी आणि आजोबांचा विरलेला कोट ओसरीवर आणून ठेवायची, आणि मग तासभर चालायचं. बोहारीण लुगडं उजेडाकडे धरून विरलेली जागा दाखवायची, आजी काठाची जर दाखवायची. शेवटी एखादं पातेलं घरात यायचं आणि लुगडी पाटीत जायची. उपकार कुणीच कुणावर केलेले नसायचे. उठताना बोहारीण पाणी मागायची आणि आजी तिला गूळ-पाणी द्यायची. इथल्या यार्ड सेलमध्ये मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला ती ओसरी आठवली होती. अनोळखी देशात ओळखीची वाटलेली माझी ती पहिली जागा.

आता बाबांचं ऐक. त्यांना सगळं डोनेट करायचं होतं, आणि दर वेळी पावती घेऊन फायलीत लावायची होती. टॅक्समध्ये उपयोग होईल म्हणून. मी त्यांना म्हटलं, बसा, आकडे मांडू. आमच्यासारख्या ६५ वर्षांवरच्या जोडप्याचं २०२५ सालचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पावत्या न दाखवता मिळणारी सरसकट वजावट, ३४,७०० डॉलर. घराचं कर्ज कधीच फिटलं आहे. मालमत्ता कर, राज्याचा कर, देणग्या, सगळं धरूनही आम्ही त्या आकड्याच्या जवळपास पोचत नाही. म्हणजे सोफ्याच्या नि कपड्यांच्या पावत्यांनी आमचा एक डॉलरही वाचणार नाही. यंदापासून स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्या जोडप्यालाही दोन हजारांपर्यंतच्या देणगीची सूट मिळते, पण ती रोख देणगीला, सामानाला नाही. बाबांनी दोनदा बेरीज तपासली आणि फाईल मिटवली. उलट यार्ड सेलमध्ये घेतलेल्या किमतीपेक्षा कमीत वस्तू विकली, तर त्या पैशांवर कर नाही. तेव्हा करासाठी हे नि करासाठी ते, हा प्रश्नच निकालात निघाला. मला बरं वाटलं. पावतीची अपेक्षा गेली, की द्यायचं ते 'इदं न मम' म्हणून देता येतं.

तर शनिवारी, १३ जूनला, सकाळी आठ ते दोन आपल्या ड्राइव्हवेमध्ये सेल. पाऊस आला तर पुढच्या शनिवारी. टाउनशिपचा परवाना काढला आहे. विजेच्या खांबावर पाट्या लावायच्या नाहीत, म्हणून बाबा लाकडी खुंट्यांच्या करताहेत. सेलला फक्त रोजच्या वापरातल्या, धडधाकट वस्तू जातील: कुकर, कढया, काचेची ताटं, दिवे, घडीच्या खुर्च्या, इस्त्री, तुझं अभ्यासाचं टेबल, थंडीचे कोट. अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये आता पुन्हा नवी जोडपी राहायला आली आहेत, तेलुगू, गुजराती, पंजाबी, आपलीही. ओक ट्री रोडवर पिशव्या घेऊन चालत येतात-जातात, मी रोज बघते. त्यांच्यातली एखादी मुलगी कढई तीनदा उचलून तीनदा ठेवेल. मला तिथे खुर्चीत बसलेलं असायचं आहे. किमती एक, दोन, तीन डॉलर. पाचाच्या वर काही नाही.

बाकीची टेबलं, कपाटं, जेवणाचं मोठं टेबल मात्र सेलमध्ये नाही. ते हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या रीस्टोअरला, म्हणजे त्यांच्या दान आलेल्या सामानाच्या दुकानाला. १९७६ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावी सुरू झालेली ही संस्था घरं बांधते, आणि रीस्टोअरच्या विक्रीतून येणारे पैसे त्या कामाला जातात. त्यांचं पहिलं रीस्टोअर १९९१ मध्ये कॅनडात, विनिपेगला निघालं. ज्या टेबलावर गणपतीच्या दिवशी चाळीस माणसांचा स्वयंपाक मांडला, त्यावर मला कुणी "वीस देतो, बघा" म्हटलेलं सोसणार नाही. त्याचं एक दार, एक भिंत झाली तर चालेल.

कपड्यांचं सांगते, कारण तू म्हणालास की सगळ्या पिशव्या एकदम गुडविलला, त्या दान आलेलं सामान विकणाऱ्या संस्थेला, टाका. गुडविल १९०२ मध्ये बोस्टनमध्ये एका धर्मोपदेशकाने सुरू केलं, तेव्हा कल्पना अशी होती, की श्रीमंत वस्त्यांतून जुने कपडे नि सामान गोळा करायचं, गरिबांना ते दुरुस्त करायला शिकवायचं आणि त्यांना त्या कामाचे पैसे द्यायचे. म्हणजे मुळात तेही नुसतं वाटप नव्हतं. म्हणूनच फाटकं, डागाळलेलं, बटणं तुटलेलं तिथे नेऊन टाकायचं नाही. वापरता न येणारं दिलं, की ते कचऱ्यात टाकायचा खर्च त्यांच्याच गळ्यात पडतो. मी प्रत्येक कपडा हातात धरून स्वतःला विचारते, हा मी मावशीच्या मुलीला देईन का? नाही म्हटलं तर त्या पिशवीत नाही.

आणि तिथेही जे खपत नाही, त्यातलं बरंच गठ्ठे बांधून वजनावर परदेशी विकलं जातं. लोकरीचे जुने कपडे जहाजाने कांडल्याला उतरतात आणि तिथून पानिपतला जातात. कुणी ते तसेच घालायला विकू नयेत म्हणून आधीच कापून टाकलेले असतात. पानिपतात बायका त्यांची बटणं नि चेन काढतात, रंगांचे ढीग लावतात, मग ते पिंजून सूत काढतात आणि त्याच्या घोंगड्या होतात. पूर, भूकंप झाला की मदत संस्था वाटतात त्या स्वस्त घोंगड्या कितीदा तिथल्याच असतात. पानिपत म्हटल्यावर आपल्याला १७६१ शिवाय काही आठवत नाही. तुझा कोपरावर विरलेला मरून स्वेटर मी हातात घेतला, तेव्हा मला त्या बायका आठवल्या. तो मी स्वच्छ धुऊन, वाळवून, वेगळ्या पिशवीत ठेवला आहे.

आता पाळण्याचं.

तो विकता येत नाही आणि देताही येत नाही. एक बाजू खाली सरकणारा पाळणा २०११ च्या २८ जूनपासून या देशात विकायलाच बंदी आहे. यार्ड सेलमध्येसुद्धा, आणि दान म्हणूनही नाही. २००० पासून असल्या पाळण्यांत किमान ३२ बाळं दगावली, म्हणून तो नियम झाला. बाजू एका कोपऱ्यात निखळते, फट पडते आणि बाळ त्यात अडकतं.

२०१९ मध्ये सुनेने त्यात बाळाला निजवायला नकार दिला, तेव्हा मी वरवर हसून घेतलं आणि रात्री रडले. मला वाटलं, तिला आपली जुनी वस्तू नको आहे. मी तो तीस वर्षं चादरीत गुंडाळून ठेवला होता. दर दिवाळीला धूळ पुसायची. तिने कारण सांगितलं होतं, पण माझ्या कानांपर्यंत ते पोचलं नाही. मागच्या महिन्यात परवान्याच्या निमित्ताने मीच सगळे नियम वाचायला बसले, तेव्हा पोचलं. तिचं बरोबर होतं. हे मी तिला स्वतः सांगणार आहे, तू मधे काही बोलू नकोस.

रविवारी बाबांनी तो खोलला. स्क्रू, स्प्रिंगा वेगळ्या काढून मोडीत टाकल्या, म्हणजे कुणी उचलून पुन्हा जोडायला नको. सरकत्या बाजूच्या काठावर तुझ्या दातांच्या खुणा आहेत. तेवढी एक फळी मी ठेवून घेतली. फूटभर लांब आहे, नव्या घरात मावेल.

बाकीचं थोडक्यात. मराठी पुस्तकं आणि दिवाळी अंक मंडळाच्या ग्रंथालयाला, त्यांच्याशी बोलले आहे. नऊवारी साड्या मंडळाच्या नाटकाच्या ग्रुपला. देव, समई, पोळपाट, सोऱ्या आमच्याबरोबर. बेसमेंटमधला जुना अवजड टीव्ही न्यू जर्सीत २०११ पासून कचऱ्यात टाकता येत नाही, बाबा तो इलेक्ट्रॉनिक्सच्या केंद्रावर नेतील. गाद्या कुणीच घेत नाही. बाबांची अवजारं त्यांनी स्वतःकडेच ठेवली आहेत. म्हणाले, सेलच्या दिवशी एक करवत टेबलावर ठेवीन, आणि जो ती हातात घेऊन आधी दात तपासेल त्याला बाकीची पेटी दाखवीन. त्यांच्या मनाप्रमाणे होऊ दे.

सेलमध्ये उरेल ते दुपारी दोननंतर पुठ्ठ्याच्या पाटीसह रस्त्याच्या कडेला, 'घेऊन जा'. तिथे बघायला कुणी नसतं, त्यामुळे ज्याला संकोच वाटतो तोही अंधार पडल्यावर येऊन नेतो. रात्रीतूनही उरेल ते दुसऱ्या दिवशी गुडविलला. म्हणजे तुझा ट्रक अगदीच रद्द केलेला नाही.

तुझी चार खोकी आहेत. ट्रॉफ्या, बेसबॉलची कार्डं, शाळेच्या वह्या आणि क्लॅरिनेट. पहिल्या तिन्हींचं तू व्हिडिओवर बघून सांग, मी एकेक उघडून दाखवीन. क्लॅरिनेटचं मात्र नीट विचार करून सांग. आपल्या माध्यमिक शाळेच्या बँडच्या सरांना मी विचारलं. दर वर्षी दोन-तीन मुलं अशी असतात, की ज्यांना वाद्य भाड्याने घेणं परवडत नाही, आणि ती बँडमध्ये नाव घालतच नाहीत. शाळेचं म्हणून वाद्य असलं, की ते सगळ्यांसारखं कपाटातून काढून मुलाच्या हातात देता येतं. कुणी दिलं, का दिलं, हे त्याला कळतही नाही. तुला ठेवायचं असेल तर अवश्य ठेव, मला मुळीच वाईट वाटणार नाही. पण शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बंद होते आणि पॅड बदलायला दुकानात द्यावं लागेल, म्हणून पुढच्या रविवारपर्यंत कळव. पेटी मी पुसून वर आणून ठेवली आहे. उघडलेली नाही.

सूनबाईंना आणि बाळाला आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. १३ तारखेला येणं जमलं तर बघ. येताना एकेक डॉलरच्या नोटा आण, सुटे लागतील. आणि तुमच्याकडचे लहान हातमोजे, टोप्या वापरात नसतील तर घेऊन ये. टेबलावर मांडायच्या नाहीत. कोटांच्या खिशांत घालायच्या आहेत.