आईच्या पायांविषयी

ती. आई व बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या पावसाळ्यात मांडीतील धमनीत स्टेंट बसवल्यापासून तुम्ही बसस्टँडपर्यंत न थांबता चालत जाता, हे ऐकून समाधान वाटते. मात्र परवा फोनवर आई म्हणाली की तिचेही पाय भरून येतात, आणि मागून तुमचा आवाज आला, ‘तिचं गुडघ्याचं आहे, माझ्यासारखं नाही.’ त्या वाक्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

पायाची धमनी अरुंद होण्याचे तुमचे दुखणे ओळखण्यास सोपे होते: ठरावीक अंतर चालले की पोटरीत गोळा येई आणि थांबले की तो विरे. स्त्रियांमध्ये हाच आजार अनेकदा इतका उघड होत नाही. पाय नुसते जड वाटतात, लवकर थकतात किंवा मुळीच दुखत नाहीत. शिवाय जिचा सारा दिवस घरकामात जातो तिच्यावर दुखेपर्यंत सलग चालण्याची वेळच येत नाही. त्यामुळे हा आजार सांधेदुखीच्या आड दडतो आणि बोट काळे पडू लागल्यावरच धावपळ सुरू होते. उपचारानंतर स्त्रियांना होणारा त्रास अधिक असतो, त्यामागे या उशिराचा मोठा वाटा आहे. त्यांच्या धमन्या मुळात अरुंद असल्याने शस्त्रक्रिया अवघड जाते आणि रक्तस्रावाचा धोकाही जास्त असतो, हे खरे. परंतु कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनसारखी साधी गोळीसुद्धा त्यांना पुरुषांपेक्षा कमी वेळा लिहून दिली जाते, याचे खापर शरीररचनेवर फोडता येत नाही.

पोटातील महाधमनीच्या फुगवट्याचेही तसेच आहे. तो पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो, पण स्त्रियांत कमी आकाराचा असतानाच फुटू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार पुरुषांत 5.5 सेंटीमीटरला, तर स्त्रियांत 5 सेंटीमीटरला करावा, असे आता सांगितले जाते. ज्या अभ्यासांवरून साडेपाचचा आकडा रूढ झाला, त्यांत बहुसंख्य रुग्ण पुरुष होते. 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एकत्रित आढाव्यानुसार, पोट उघडून केलेल्या नियोजित शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत शेकडा 2.8, तर स्त्रियांत 5.4 होते.

आई, तुझी साखर वाढलेली आहे, वर्षानुवर्षे सूप मांडीवर घेऊन तू विड्या वळल्यास आणि मिश्री अजून सुटलेली नाही. निपाणीत तंबाखूवरच आपले घर चालले, त्यामुळे तिच्याविरुद्ध लिहिताना माझाही हात अडखळतो. तरीही धूर नाही म्हणून मिश्री निरुपद्रवी, ही समजूत चुकीची आहे, कारण निकोटीन हिरड्यांतूनही रक्तात उतरते.

तपासणीला घाबरण्यासारखे काही नाही. आडवे झोपवून दोन्ही दंडांना आणि घोट्यांना रक्तदाबाचा पट्टा बांधतात आणि पायावर जेली लावून डॉपलर नावाच्या पेनाएवढ्या यंत्राने नाडीचा आवाज ऐकतात. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब हे उत्तर 0.90 किंवा त्याहून कमी आले, तर धमनी अरुंद झाली असे समजतात. मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा फसवा, म्हणजे चांगला येऊ शकतो. तसे वाटल्यास पायाच्या अंगठ्यातील दाबही मोजायला सांगा.

बाबा, बेळगावला गेल्यावर डॉक्टरांशी कन्नडमध्ये तुम्हीच बोलाल, कारण आईला ते जमत नाही. पण आधी तिला मराठीत सगळे सांगू द्या आणि ती म्हणेल तेच, त्यात गुडघ्याची भर न घालता, डॉक्टरांना सांगा. तिच्या साखरेचे जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. तिच्या केसपेपरचा फोटो मला त्याच संध्याकाळी पाठवावा.

कळावे, लोभ असावा.
तुमची मुलगी