मागवले स्विचचे मोनो जॅक, आले स्टिरिओ

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: चुकीचे २४ जॅक बदलून मिळणे व १० पॅच केबल्सचे पैसे परत मिळणे.

महोदय / महोदया,

मी घरी मॉड्युलर सिंथेसायझर (सुटे भाग पॅच केबल्सनी जोडून आवाज घडवणारं वाद्य) बनवतो. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) फिरूनही ३.५ मि.मी.चे स्विचवाले मोनो जॅक मिळाले नाहीत, म्हणून तुमच्याकडून २४ मागवले, सोबत १० पॅच केबल्सही. बिलावर आणि पाकिटावर ‘मोनो, स्विचसह’ असंच छापलंय. आत निघाले स्टिरिओ.

मोनो-स्टिरिओ दोघांनाही तीनच पाय, दिसायला जुळे भाऊ. मोनोमध्ये तिसरा पाय स्विचचा. प्लग नसताना तो टिपच्या (प्लगच्या टोकाला भिडणाऱ्या) पत्तीला टेकलेला असतो, प्लग घातला की सुटतो. माझी अख्खी जोडणी याच सोयीवर उभी आहे: केबल लावली नाही तर एलएफओ (संथ लहरी देणारा भाग) आपोआप फिल्टरला (आवाजाचा पोत बदलणाऱ्या भागाला) मिळतो, लावली की तो मार्ग तुटून बाहेरचा सिग्नल आत येतो. तुमच्या जॅकमध्ये तिसरा पाय दुसऱ्या कानाच्या आवाजाचा, प्लग नसताना अधांतरी, त्यामुळे फिल्टर ढिम्म. मोनो प्लग घातला की तोच पाय प्लगच्या स्लीव्हला (ग्राउंडच्या भागाला) टेकतो, म्हणजे एलएफओ थेट ग्राउंडला. मग तो बाकी ठिकाणीही मुका. आउटपुटला १ किलोओहमचा रेझिस्टर होता म्हणून एलएफओची आयसी (चिप) वाचली.

हे उमगायला दोन रात्री गेल्या. त्याही नागपूरच्या मे महिन्यातल्या, कूलर बंद ठेवून, कारण त्याच्या झोतात सोल्डरिंगची टिप थंड पडते. आधी आयसी बदलली, मग फिल्टरवर संशय घेतला. शेवटी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर बीप वाजते) ठेवून रिकामा जॅक तपासला, तर बीप नाहीच. सोल्डर करण्याआधी एक तरी जॅक तपासायला हवा होता, हे कबूल. पण तुमच्या बिलावर विश्वास ठेवला, एवढीच माझी चूक.

केबल्सची गत वेगळी. माझ्या पॅनेलवर शेजारच्या दोन जॅकच्या मध्यबिंदूंत १२ मि.मी. अंतर आहे. तुमच्या पेजवर प्लगची जाडी ८ मि.मी. लिहिलीय, कॅलिपरवर भरते १३. एक लावला की शेजारी दुसरा शिरत नाही.

तुमच्या ग्राहक सेवेचं उत्तर वाचून हसावं की रडावं कळेना: “हेडफोन लावून तपासलं, दोन्ही कानांत आवाज येतो, माल चांगला आहे.” अहो, दोन्ही कानांत वेगवेगळा आवाज पोचतो म्हणूनच तो स्टिरिओ आहे! वर सल्ला, की ‘सिंथेसायझरला बनाना केबल वापरा’. बुकला, सर्ज या कंपन्यांच्या यंत्रांत ४ मि.मी.चे बनाना असतात, खरं आहे. पण त्यात तार एकच, ग्राउंड वेगळा जोडावा लागतो. माझी मांडणी युरोरॅक पद्धतीची, तिथे ३.५ मि.मी. मोनोच चालतो.

‘सोल्डर केलेला माल परत घेत नाही’ हे तुमचं कारण मला मान्य नाही. माल वापरून खराब झालेला नाही, मुळात चुकीचा आला. २४ योग्य जॅक पाठवा, केबल्सचे पैसे परत करा, माल पाठवण्याचा दोन्ही बाजूंचा खर्च तुम्ही सोसा. आणि पेजवरची माहिती दुरुस्त करा.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं झालं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि नागपूरच्या ग्राहक आयोगात जाईन.

आपला ग्राहक,
प्रतापनगर, नागपूर

सोबत: बिलाची प्रत, पाकिटाचा फोटो, कॅलिपरचा फोटो, मल्टिमीटरचा व्हिडिओ.