माणसाची नाही, जमिनीची अडचण सांग म्हणणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. नमस्कार.

नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका लिहिते. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. न्यू जर्सीत आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांत परसातल्या शेडचा नाहीतर गझिबोचा विषय निघतो आणि पालिकेचं पहिलं नकाराचं पत्र आलं की तिथेच संपतो. आमचाही संपला होता.

आई गेल्यावर बाबा सांगलीहून कायमचे इकडे आले. ३५ वर्षं सुतारकाम केलेला माणूस. इथे रोज दुपारी पेटी उघडायचे, रंधा आणि पटाश्या बाहेर काढायचे, तेलाचा हात फिरवायचे आणि परत ठेवून द्यायचे. मला ते बघवत नव्हतं. आमच्या घराला गॅरेज नाही, म्हणून परसात १२ बाय १६ ची शेड घ्यायची ठरवली. विकणारा म्हणाला, २०० चौरस फुटांच्या आत आहे, परवाना लागत नाही. ते अर्धंच खरं होतं. तेवढ्या, १० फुटांपर्यंत उंच साध्या शेडला इथे बांधकाम परवाना लागत नाही. पण ती प्लॉटवर कुठे उभी राहणार हे झोनिंग, म्हणजे गावाचे जमीनवापराचे नियम, ठरवतं आणि ते खातं वेगळं. आमचा प्लॉट कोपऱ्याचा. आमच्या गावच्या नियमाप्रमाणे कोपऱ्याच्या प्लॉटला दोन दर्शनी बाजू, दोन्ही रस्त्यांपासून ३० फूट मोकळे सोडायचे. मागच्या २० फुटांखालून पावसाच्या पाण्याचा नळ जातो, त्या ईझमेंटवर, म्हणजे नळासाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यावर, काही उभारता येत नाही. राहिलं काय?

व्हेरिअन्ससाठी, म्हणजे नियमातून सूट मिळावी म्हणून, मी गावाच्या झोनिंग बोर्डाला तीन पानी पत्र लिहिलं. आईचं आजारपण, बाबांचं एकटेपण, सगळं त्यात होतं. तुम्ही ते शेवटपर्यंत वाचलंत, चष्मा काढलात आणि म्हणालात, "यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण कायदा माणसाची अडचण विचारत नाही, जमिनीची विचारतो." खरं सांगते काका, त्या क्षणी मला तुमचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही टेप घेऊन दारात हजर. फेब्रुवारी, घोटाभर बर्फ, आणि तुम्ही वाकून प्लॉटच्या कोपऱ्याची लोखंडी खूण शोधताय. सर्वेच्या नकाशावर तुम्ही तांबड्या पेन्सिलीनं रेघा मारल्यात आणि मला पहिल्यांदा आमचं परस दिसलं. घराची भिंत आणि ३० फुटांची रेघ यांच्यामध्ये उरत होता फक्त ७ फुटांचा पट्टा. शेड लहान केली तरी रेघ ओलांडणारच होती. न्यू जर्सीचा जमीनवापराचा कायदा १९७५ चा. त्यात जमिनीचा आकार, चढउतार किंवा तिच्यावर आधीपासून असलेली एखादी गोष्ट यांमुळे नियम जाचक होत असेल तर बोर्डाला सूट देता येते. पण त्या सुटीनं आजूबाजूला आणि गावाच्या झोनिंगला मोठी बाधा येत नाही, हेही दाखवावं लागतं. या दोन गोष्टी तुम्ही माझ्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतल्यात की पोळ्या लाटतानाही मी त्याच पुटपुटत होते.

बाबा उत्साहानं म्हणाले होते, चार देव्हारे करून विकू. तुम्ही त्यांना तिथेच थांबवलंत. शेडमध्ये धंदा आला की तो वापराचा प्रश्न होतो, आणि वापराच्या व्हेरिअन्सला सात जणांच्या बोर्डात पाच मतं लागतात. "दादा, देव्हारे करा, हवे त्याला भेट द्या," असं तुम्ही किती हळुवारपणे सांगितलंत! बाबांना त्याचं वाईट वाटलं नाही, ते तुमच्या सांगण्यामुळे.

मग नोटिसा. २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांची यादी पालिकेकडून घ्यायची, प्रत्येकाला सर्टिफाइड पोस्टानं कळवायचं, शिवाय वर्तमानपत्रात छापायचं, आणि हे सगळं सुनावणीच्या किमान १० दिवस आधी. ३१ लिफाफे आपण आमच्या जेवणाच्या टेबलावर भरले. छापायच्या नोटिशीत मात्र मी दिवस मोजायला चुकले, ती ९ दिवस आधी आली. कुणाच्या लक्षात येणार नाही, असं मला वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, नोटीस सदोष असली तर बोर्डाला ऐकायचा अधिकारच राहत नाही, मिळालेली मंजुरीही उद्या कोर्टात पडेल. सुनावणी महिनाभर पुढे गेली. तो महिना तुम्ही वाया जाऊ दिला नाहीत.

समोरच्या रस्त्यापलीकडच्या आजींना करवतीच्या आवाजाची धास्ती होती. तुम्ही मला त्यांच्याकडे घेऊन गेलात आणि स्वतः जवळजवळ काहीच बोलला नाहीत. त्यांचं ऐकून घेतल्यावर मीच म्हटलं, संध्याकाळी सहानंतर यंत्र बंद, आणि रस्त्याच्या बाजूला आर्बरव्हिटीच्या सदाहरित झाडांची दाट ओळ लावू. सुनावणीत या दोन्ही गोष्टी मंजुरीच्या अटी म्हणून लिहून घेतल्या गेल्या. आजी आल्या होत्या. त्यांनी विरोध केला नाही.

तुम्ही बोर्डासमोर बोलावं असा मी हट्ट धरला होता. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे इथलं वकिलीचं लायसन्स नाही. घर तुझं, जमीन तुझी, बोलायचं तू." शपथ घेताना माझा हात थरथरत होता. नकाशा पुरावा म्हणून नोंदवला गेला आणि एका सदस्यानं विचारलं, "हीच जागा का?" मी मागे पाहिलं. तिसऱ्या रांगेत तुम्ही बाबांच्या शेजारी बसला होता, मांडीवर ती तांबडी पेन्सिल. मी ७ फुटांचा पट्टा दाखवला, मागचा नळ दाखवला आणि रस्त्यापासून ३० ऐवजी १८ फुटांवर शेड उभारायची परवानगी मागितली. आईबद्दल एक शब्दही बोलले नाही. घरी येताना गाडीत मात्र बाबांशी तिच्याबद्दलच बोलत होते.

मंजुरी मिळाल्यावरही तुम्ही खडी टाकू दिली नाहीत. लेखी ठराव होऊ दे, निर्णयाची नोटीस छापून येऊ दे, मग अपिलाचे ४५ दिवस जाऊ देत. बाबा कॅलेंडरवर रोज फुली मारत होते.

काका, या सगळ्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, जेवायलाही दोनदाच थांबलात. बाबा आता सकाळी नऊला शेडमध्ये जातात. कपड्यांना भुसा लागलेला असतो, जेवायला दोनदा हाक मारावी लागते. पेटीतल्या पटाश्या भिंतीवर लागल्या आहेत. पहिलं काम म्हणून त्यांनी अक्रोडाच्या लाकडाचा पाट केला आहे, तो तुमचा. पॉलिश बाकी आहे, ते तुमच्यासमोर करणार म्हणतात. रविवारी या, सहाच्या आत. बाबा रंधा मारताना तुम्ही अजून पाहिलेलं नाही.

तुमची,
कोपऱ्याच्या घरातली लेक