तीन दिवसांची आगोट

केळशी, २२ मे

चि. अमेय यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

पावसाळ्याआधी पुरासाठी एक पिशवी भरून ठेव म्हटलं की फोनवर तू "हो गं, करतो" म्हणतोस आणि विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसले.

चिपळुणात घर घेतलंस, तेही तळमजल्यावर. भाडं कमी का, ते घरमालकाला विचारलंस का? शेजाऱ्यांना विचार, २०२१ च्या २२ जुलैला पाणी कुठवर आलं होतं. वर सह्याद्रीत धो धो पाऊस आणि खाली खाडीला भरती, अशा वेळी वाशिष्ठी नदीने जायचं तरी कुठे? ती रात्रीतून बाजारपेठेत शिरली. ज्यांना जिना जवळ होता ते वर गेले, पण वर नेलं काय, तर हातात सापडेल ते.

आपल्याकडे आगोट भरायची रीत जुनीच आहे. तांदूळ, कुळीथ, सुके बोंबील, सोडे, आगळ, मीठ, लाकूडफाटा असं पावसाळ्याच्या चार महिन्यांचं सामान मे महिन्यातच घरात. तुला सांगतेय ती तीन दिवसांची आगोट, आणि ती एका खांद्यावर मावली पाहिजे. एवढाच काय तो फरक.

मी हे शहाणपणाने सांगत नाही, फजिती झाली म्हणून सांगते. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा तू पुण्यात लॉकडाऊनमध्ये अडकला होतास. दुपारी कौलं पत्त्यांसारखी उडत होती, आगरातल्या पोफळी एकामागून एक कडाकड मोडत होत्या. ते सगळं तुला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशीचं कधी सांगितलं नाही. विहीर तुडुंब, आणि घरात प्यायला थेंब नाही! पंप बसवल्यापासून रहाट काढून टाकलेला, आणि पोहऱ्याचा दोर माळ्यावर उंदरांनी कुरतडलेला. शेवटी तुझ्या बाबांनी गाईचं दावं आणि माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी एकत्र गाठ मारून कळशी खाली सोडली. ती दोनदा विहिरीत पडली. वीज महिनाभर नव्हती, तेवढे दिवस त्याच गाठीवर पाणी भरलं. बॅटरी होती म्हणशील, तर होती. सेल पाझरून स्प्रिंगला हिरवट गंज चढलेला. म्हणून आता सेल बॅटरीत ठेवत नाही, शेजारी पुडीत बांधून ठेवते, आणि अक्षय्य तृतीयेला नवे आणते.

तर तुझी पिशवी. कापडी नको, पाठीवरची घे. बॅटरी, सेल, पॉवर बँक आणि सेलवर चालणारा छोटा रेडिओ. रेडिओला हसू नकोस, आमच्याकडे टॉवर पडला तेव्हा गावाला बातमी रेडिओनेच दिली. शिट्टी, पंधरा हात दोर, काडेपेटी प्लास्टिकात. चणे-गूळ, मेतकूट, पोहे, म्हणजे जे चूल न पेटवता खाता येईल ते. नूडल्सची पाकिटं भरू नकोस, त्यांना पाणी कुठून आणशील? पाणी माणशी रोज ३ लिटर धर, तिघांचं तीन दिवसांचं २७ लिटर. ते पिशवीत मावणार नाही, तेव्हा कॅन भरून आत्ताच वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे ठेव. त्यांची ओळखही होईल. क्लोरीनच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात. किती पाण्यात किती, ते पाकिटावर वाच, अंदाजाने टाकू नकोस.

बाळाचं वेगळं पुडकं सूनबाईला करू दे, तिला जास्त कळतं. ओआरएस मात्र त्यात हवंच.

आता कागद. रेशनकार्ड, आधार, पासबुक, भाडेकरार, बाळाचं लसीकरणाचं कार्ड दुहेरी प्लास्टिकात घाल. फोनमध्ये आहे म्हणू नकोस, फोन मेला की सगळं मेलं. घराचे आणि सामानाचे फोटो मात्र आत्ताच काढून आम्हाला पाठव, पंचनाम्याला तलाठी आले की आधीचं काय होतं ते दाखवता येतं. थोडे पैसे शंभर-पन्नासच्या नोटांत ठेव. वादळानंतर एटीएम बंद आणि पाचशेला सुटे कुणाकडे नाहीत. ताडपत्री मिळत होती तेव्हा आम्ही सुट्ट्यांसाठी तीन दुकानं हिंडलो. एका कागदावर पेनाने नंबर लिही: ११२, १०८, जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७, आणि आमचा. आमचा तुला पाठ नाही, मला माहीत आहे.

पाणी चढू लागलं तर आधी मेन स्विच बंद, मग सिलिंडरचा रेग्युलेटर काढ, मग पिशवी आणि बाळ घेऊन वर. फ्रिज वाचवायला थांबू नकोस. रस्त्यावरच्या पाण्यात पाय घालू नकोस, गटाराचं झाकण उघडं असतं. ओसरल्यावर घरात हात घालताना आधी काठी घाल, कपाटामागे फुरसं बसलेलं असतं. साप चावलाच तर दोरी बांधणं, चिरणं नको, सरळ दवाखान्यात.

येत्या रविवारच्या एसटीने बाबांबरोबर दोर पाठवतेय. नायलॉनचा आहे, उंदीर खाणार नाहीत असं दुकानदार म्हणाला. बघू.

पिशवी भरलीस की दाराजवळ खिळ्याला टांग आणि फोटो पाठव. फोटोत दार दिसलं पाहिजे.

तुझी,
आई