नमुने नेले, निष्कर्ष कुठे आहेत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सह्याद्रीतील पाऊस आणि नद्यांच्या पाण्यातील समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंच्या, अभ्यासावरील कालच्या अंकातील लेख वाचला. मराठी दैनिकाने हा विषय हाती घेतला याबद्दल आभार. परंतु ज्या गावांच्या झऱ्यांवरून हे नमुने जमवले जातात, त्यांचा लेखात साधा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले.

पाटण तालुक्यातील आमच्या गावी काही वर्षांपूर्वी एका संशोधन संस्थेची मंडळी आली होती. त्यांच्या सांगण्यावरून शाळेच्या मुलांनी पावसाळाभर पावसाचे आणि झऱ्याचे पाणी बाटल्यांत भरून ठेवले. बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि बूच घट्ट लावायचे, कारण थोडे पाणी जरी उडून गेले तरी हलके रेणू आधी जातात, उरलेल्या पाण्यात ऑक्सिजन-१८ चे, म्हणजे जड ऑक्सिजनचे, प्रमाण वाढते आणि नमुना वाया जातो. मुलांनी हे सारे निष्ठेने पाळले. बाटल्या गेल्या त्या गेल्याच. निष्कर्ष आले नाहीत, आणि आम्ही पाठवलेल्या पत्रांना पोचही मिळाली नाही.

आम्हाला त्या आकड्यांची गरज आहे. गावचा झरा आता होळीच्या सुमारास आटतो. त्यासाठी झऱ्याच्या लगतच्या उतारावर चर खोदले गेले, पण झऱ्याला पाणी वरच्या जांभ्याच्या सड्यावरून (माथ्यावरच्या सपाट पठारावरून) येते, मधल्या उतारावरून येते की पाझर तलावातून, हे कोणीही तपासले नाही. तलावात साठलेले पाणी बाष्पीभवनामुळे हार्मन क्रेग यांनी १९६१ साली मांडलेल्या पर्जन्यजल-रेषेपासून, म्हणजे पावसाच्या पाण्यातील जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन यांच्या ठरावीक नात्यापासून, ढळते, म्हणून झऱ्यात तलावाचा वाटा आहे का, हे ओळखता येते. झऱ्याचे पाणी किती उंचीवर पडलेल्या पावसाचे, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. उंचावरच्या पावसाचे पाणी सहसा हलके असते, म्हणजे त्यात जड समस्थानिक कमी असतात, हे खरे, पण मोठ्या सरींचे पाणीही हलकेच असते, त्यामुळे आमच्याकडच्या पावसात उंचीचा ठसा पुसट होऊ शकतो. म्हणूनच खोऱ्यातले आणि सड्यावरचे पाऊसपाणी त्याच हंगामात, त्याच परिसरात मोजावे लागते. मुलांनी जमवले होते ते नेमके हेच पाणी. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात गौचर परिसरात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी अशाच मोजणीतून झऱ्यांची पुनर्भरण क्षेत्रे, म्हणजे जिथे पाऊस मुरून झऱ्याला मिळतो त्या जागा, शोधल्या, तेथे पाणी अडवण्याची कामे झाली आणि झऱ्यांचा प्रवाह वाढला. निष्कर्ष गावापर्यंत पोचले म्हणून ते शक्य झाले.

लेखातील दोन चुकांकडेही लक्ष वेधतो. समस्थानिकांचे मूल्य ‘उणे २.५ टक्के’ असे छापले आहे. ते प्रति हजार हवे, टक्क्यांत लिहिल्याने फरक दहापट होतो. तसेच ऑक्सिजन-१८ वरून पाण्याचे ‘वय’ थेट कळत नाही. त्यासाठी ट्रिटियमसारखे (हायड्रोजनचे) किरणोत्सारी समस्थानिक मोजतात, ज्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे १२.३ वर्षे आहे.

या दुरुस्त्या छापाव्यात. आपल्या प्रतिनिधीने लेखासाठी ज्या संशोधकांशी चर्चा केली, त्यांना एवढेच विचारावे, की ज्या गावांतून नमुने घेतले त्या ग्रामपंचायतींना आकडे मराठीत केव्हा मिळतील. त्यांचे उत्तरही आपण छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा